वास्तुविद्या आणि आमच्या कन्या

घराविषयी बोलताना आपण मराठीत तीन निरनिराळी क्रियापदे वापरतो. कोणी घर बांधवितो, कोणी ते बांधतो, आणि कोणी ते आखतो. पहिल्याजवळ पैका असावा लागतो, दुसऱ्याजवळ बाहुबल, आणि तिसऱ्याजवळ विद्या. यांपैकी पहिल्या दोन क्रियापदांचा कर्ता स्त्री असली तर कोणास आश्चर्य वाटत नाही; शेकडो वर्षे तसे चालत आले आहे. तिसऱ्याचा कर्ता मात्र पुरुषच असावयाचा, असे आपण काही विचार न करिता धरून चालतो. आपल्या शाळेतील मुलींस व त्यांच्या आईबापांस आम्ही आज जे सांगू इच्छितो, ते या तिसऱ्या क्रियापदासंबंधी आहे.

बांधविणाऱ्या स्त्रियांची उदाहरणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. अहल्याबाई होळकरांनी काशीविश्वेश्वराचे देवालय अठराव्या शतकात पुन्हा उभारविले व देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधविल्या, हे प्रत्येक मूल इतिहासाच्या पुस्तकात वाचते. माहीमची खाडी ओलांडण्यास होडीखेरीज साधन नव्हते, तेव्हा लेडी आवाबाई जमशेटजी यांनी १,५७,००० रुपये पदरचे दिले आणि १८४५ साली तेथील रस्ता वाहतुकीस खुला झाला. दादर-माहीमकडचा मोठा रस्ता अजून त्यांचेच नाव सांगतो. परळच्या मुलांस बाई जेरबाई वाडिया हे नाव तर रुग्णालयाच्या पाटीवरूनच पाठ झालेले असते. त्याच बाईंनी गरीब पारशी कुटुंबांसाठी लालबागेत नवरोझ बाग बांधविली, हे मात्र थोड्यांस ठाऊक असेल. आणि मिशनच्या शाळेत शिकणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंस विसरून कसे चालेल? १८८९ साली चौपाटीवर शारदा सदन काढणाऱ्या या विदुषीने पुढे केडगावच्या माळावर विहिरी खणविल्या, अनाथ मुलींसाठी निवासगृहे उभारविली, मोठे प्रार्थनामंदिर उभे केले. या सर्व स्त्रियांस आमचा आदरपूर्वक प्रणाम असो. तथापि त्यांच्या हाती थैली होती, पट्टी-पेन्सिल नव्हती.

बांधणाऱ्या स्त्रिया तर आपण रोज पाहतो. परळ, लालबाग, लोअर परळ या भागांत गिरण्यांची धुराडी जाऊन त्या जागी जे चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास मजल्यांचे मनोरे उभे राहिले, त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोपटांत राहून, डोक्यावरच्या चुंबळीवर रेतीचे घमेले वाहणाऱ्या बायका कोणी पाहिल्या नाहीत? मूल रेतीच्या ढिगावर खेळत असते आणि आई परांचीवर चढत असते. परंतु या धंद्याची एक रीत विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. बिगारी म्हणून कामास लागलेला पोरगा काही वर्षांत थापी हाती घेऊन गवंडी होतो. त्याच दिवशी कामास लागलेली त्याची बहीण पुढे कित्येक वर्षांनी देखील बहुधा घमेलेच वाहत असते. ओळंबा, गुण्या, पाणसळ ही हत्यारे तिच्या हाती कोणी देत नाही. ज्या कामात नुसती अंगमेहनत आहे ते स्त्रीचे, आणि ज्यात मोजमाप आले ते पुरुषाचे, अशी वाटणी अगदी पायापासून झालेली आहे. वर कागदापर्यंत जे दिसते ते या वाटणीचेच मोठे रूप होय.

आता आखणे म्हणजे काय? पुष्कळ पालकांची समजूत अशी दिसते की, वास्तुविशारद म्हणजे इमारतीची दर्शनी बाजू शोभिवंत काढून देणारा एक प्रकारचा चित्रकार. वारा कोणत्या अंगाने येतो, पावसाळ्यात कोणत्या भिंतीवर झोड बसते, मोरीचे पाणी कोठे जाते, आग लागली तर माणसे किती वेळात खाली उतरतील, छताचा भार कोणत्या तुळईवर आणि तुळईचा कोणत्या खांबावर, या सर्वांचा मेळ एका कागदावर घालणे हे त्याचे खरे काम. जिना किती रुंद असावा हा प्रश्न पुस्तकी नव्हे, हे परळकरांस सांगावयास नको. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी परळ व एल्फिन्स्टन रोड या स्थानकांस जोडणाऱ्या पुलाच्या अरुंद जिन्यावर वीसांहून अधिक माणसे चेंगरून मरण पावली. कागदावरच्या दोन रेषांमधील अंतरावर माणसांचे प्राण कसे अवलंबून असतात, याचे याहून भयंकर उदाहरण देण्याची आमची इच्छा नाही. असे ज्या विद्येचे महत्त्व, ती शिकण्यास समाजातील अर्ध्या बुद्धीस मज्जाव असावा, किंवा मज्जाव नसला तरी उत्तेजन नसावे, ही गोष्ट आम्हांस नुकसानीची वाटते.

ही विद्या रीतसर शिकून पदविका मिळविणारी हिंदुस्थानातील पहिली स्त्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती आपल्याच मुंबईची. पेरिन जमशेटजी मिस्त्री यांचा जन्म १९१३ सालचा. १९३६ साली त्यांनी सर जे. जे. कलाशाळेतून वास्तुविद्येची पदविका घेतली, आणि पुढल्याच वर्षी ‘डिचबर्न, मिस्त्री अँड भेदवार’ या वडिलांच्या पेढीत त्या भागीदार झाल्या. वडिलांचीच पेढी, तेव्हा त्यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर एवढेच की, वडिलांच्या पेढीत मुलगे पिढ्यान्‌पिढ्या बसत आले आहेत आणि त्यांस तसे कोणी विचारीत नाही. शिवाय पेरिनबाई तेथे शोभेस बसल्या नाहीत; जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी काम केले. कारमायकेल रस्त्यावरील सर बेहरामजी करंजिया यांचा बंगला त्यांनी आखला, कंबाला हिलवरील सेंट स्टीफन्स चर्च त्यांनी आखले, आणि बोरिवलीची खटाव मिल देखील त्यांनीच आखली. गिरणगावात वाढलेल्या वाचकांनी या शेवटच्या कामाकडे लक्ष द्यावे. गिरणीची इमारत म्हणजे यंत्रांची धडधड सोसणारी जमीन, कामगारांच्या डोळ्यांस पुरेल असा उजेड, आणि दिवसातून तीन वेळा शेकडो माणसे एकदम आतबाहेर करतील असे दरवाजे. हे काम एका बाईकडे आले आणि तिने ते तडीस नेले. पेरिनबाई १९८९ साली निवर्तल्या. त्यांच्या नावाचा धडा अद्याप आमच्या मुलांच्या क्रमिक पुस्तकात आम्ही पाहिलेला नाही.

परदेशांत ही वाट थोडी आधी मोकळी झाली होती, फार आधी नव्हे. फिनलंडात सिग्ने हॉर्नबोर्ग १८९० साली वास्तुविद्येची पदवीधर झाली. इंग्लंडातील वास्तुविशारदांच्या राजमान्य संस्थेने एथेल चार्ल्स हिला १८९८ साली सभासद करून घेतले. अमेरिकेची जूलिया मॉर्गन पॅरिसच्या प्रख्यात कलाशाळेतून वास्तुविद्येचे प्रमाणपत्र १९०२ साली घेऊन परतली, आणि ते मिळविणारी ती पहिली स्त्री. आमच्याकडे ही गोष्ट १९३६ साली घडली. चाळीस-पन्नास वर्षांचे अंतर ही काही लाज वाटावी अशी गोष्ट नव्हती. लाज वाटावयाची तर ती त्यानंतरच्या काळाविषयी वाटावी.

पेरिनबाईंच्या पेढीत उमेदवारी करण्यास सिंहलद्वीपाहून एक मुलगी आली होती. तिचीही हकीकत येथे सांगणे अवश्य आहे. मिनेट डी सिल्वा हिचा जन्म कँडी येथे १९१८ साली झाला. स्वदेशी ही विद्या शिकण्याची सोय नव्हती म्हणून ती मुंबईस आली, मिस्त्री-भेदवार यांच्या कचेरीत काम शिकली आणि मग जे. जे. मध्ये दाखल झाली. १९४२ च्या आंदोलनात गांधीजींच्या सुटकेसाठी निघालेल्या मिरवणुकीत ती सामील झाली. शाळेने माफीपत्र मागितले. तिने ते लिहून देण्याचे नाकारिले, आणि तिचे नाव पटावरून गेले. पुढे लंडनास जाऊन तिने शिक्षण पुरे केले, आणि १९४८ साली तेथील राजमान्य संस्थेची सहसभासद म्हणून निवडली गेलेली ती आशिया खंडातील पहिली स्त्री ठरली. परंतु आम्हांस तिचे मोठेपण या पदवीत दिसत नाही. कँडीजवळ वाटापुलुवा येथे सरकारी नोकरांसाठी घरांची मोठी वसाहत आखण्याचे काम १९५० नंतरच्या दशकात तिच्याकडे आले. तेव्हा तिने आधी नकाशे काढले नाहीत. जी कुटुंबे तेथे राहावयास येणार होती त्यांस प्रश्न विचारले. घरात माणसे किती, स्वयंपाक कसा करिता, बसता-उठता कसे, खर्चाची ऐपत किती, हे समजून घेतले आणि मग पेन्सिल हाती धरिली. निरनिराळ्या धर्मांची व जातींची माणसे एकाच वसाहतीत राहावयाची होती. सर्वांस एकाच साच्यात कोंबावयाचे नाही, हा तिचा कटाक्ष होता. आज मुंबईत हजारो कुटुंबांची घरे नव्याने आखली जात आहेत. त्यांपैकी कितींस असे विचारले गेले?

येथे एका गैरसमजाचा परामर्ष घेणे प्राप्त आहे, कारण तो स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्या सज्जनांच्या तोंडून निघतो म्हणून अधिक घातक आहे. ते म्हणतात, “बायकांनी घरे अवश्य आखावी; स्वयंपाकघर कसे असावे हे त्यांच्याहून कोणास अधिक कळणार?” हे ऐकावयास गोड लागते, पण त्याचा अर्थ असा की, विद्यालय, रुग्णालय, स्थानक, गिरणी ही पुरुषांकडे, आणि ओटा व फडताळ तेवढे बायकांकडे. चूल सुटली, तरी चुलीचा नकाशा काही सुटला नाही! आधुनिक स्वयंपाकघराची जननी म्हणून जिचा गौरव होतो त्या मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईने १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या वसाहतींसाठी लहानसे, हाताशी सर्व काही असलेले स्वयंपाकघर आखले; तशी सुमारे दहा हजार बसविली गेली. आणि याच बाई म्हातारपणी स्वच्छ सांगत असत की, ते आखण्यापूर्वी आपण संसार केला नव्हता व स्वयंपाकही कधी केला नव्हता! त्यांनी केले ते एवढेच की, स्वयंपाक करणारीची पावले किती पडतात, हात कोठे पोहोचतो, याचा बारकाईने अभ्यास केला. ज्ञान अभ्यासाने येते, जन्माने नव्हे. हा नियम स्वयंपाकघरासही लागू आहे.

जूलिया मॉर्गनची गोष्ट अशीच बोधक आहे. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को शहर भूकंपाने व आगीने उद्ध्वस्त झाले. तत्पूर्वी तिने लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचा एक घंटामनोरा जवळच्या मिल्स विद्यालयात उभा केला होता. तो धक्क्यांतून जसाच्या तसा निभावला. त्यामुळे फेअरमाँट नावाच्या मोठ्या उपाहारगृहाची भाजून निघालेली इमारत सावरण्याचे काम तिला मिळाले. काम पुरे झाल्यावर एक वार्ताहर बाई भेटीस आली आणि भोजनगृहाचे रंग किती मनोहर साधले आहेत म्हणून तिची स्तुती करू लागली. मॉर्गनने तिला समजावून दिले की रंगसजावट दुसऱ्याच मंडळींनी केली. आपले काम इमारतीच्या सांगाड्याचे. विचारणारी स्त्रीच होती, हे विशेष.

विद्या मिळाली, काम मिळाले, तरी नाव मिळेल याची हमी नाही. १९९१ साली वास्तुविद्येचे सर्वांत मानाचे समजले जाणारे प्रित्झ्कर पारितोषिक रॉबर्ट वेंचुरी यांस देण्यात आले. ज्यांच्याबरोबर त्यांनी पुस्तके लिहिली व इमारती आखल्या त्या त्यांच्या पत्नी डेनिस स्कॉट ब्राउन यांचे नाव त्यात नव्हते. २०१३ साली हार्वर्डच्या विद्यार्थिनींनी याविरुद्ध अर्ज केला, हजारो सह्या जमल्या, खुद्द वेंचुरींनीही सही केली. निर्णय बदलला नाही. हे परदेशचे झाले. आपल्या घरचे उदाहरण घ्या. ठाण्याच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही योजना १९६४-६५ च्या सुमारास तिघांनी मिळून मांडली: चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहिली. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे नातलग आज वाशीस, नेरुळास राहत असतील. त्यांस विचारून पाहावे. कोरियांचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असेल. प्रवीणाबाईंचे नाव सांगणारा भेटल्यास आम्हांस कळवावे.

हल्लीची स्थिती अगदीच निराशाजनक आहे असे मात्र नव्हे. ब्रिंदा सोमाया यांनी १९७८ साली मुंबईत स्वतःची कचेरी काढिली. फोर्टातील सेंट थॉमस कॅथीड्रल या तीनशे वर्षांच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांच्या हातून झाला व त्याचा युनेस्कोने २००४ साली गौरव केला. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याची डागडुजीही त्यांच्याच कचेरीने केली. त्या मनोऱ्यास प्रेमचंद रायचंद यांच्या मातोश्रींचे नाव आहे. बाईच्या नावाचा मनोरा बाईने सावरावा हा योग आम्हांस रम्य वाटतो. गिरगावातील रॉयल ऑपेरा हाऊस कित्येक वर्षे बंद पडून होते. आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्त होऊन ते २०१६ साली पुन्हा उघडले. पुण्यास जन्मलेल्या आणि जे. जे. मध्ये शिकलेल्या अनुपमा कुंडू यांनी पुदुच्चेरीजवळ ऑरोविल येथे कुंभाराच्या भाजलेल्या मडक्यांपासून व हाताने पाडलेल्या विटांपासून घरे बांधून जगाचे लक्ष वेधून घेतले. शेजारच्या पाकिस्तानात यास्मीन लारी यांनी उंच कचेऱ्या आखण्याचे सोडून पूरग्रस्तांसाठी बांबू, चुना व माती यांची घरे उभारली, आणि २०२३ साली इंग्लंडचे राजसुवर्णपदक त्यांस मिळाले. बगदादच्या झाहा हदीद यांस तर २००४ साली प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. ते मिळविणारी पहिली स्त्री. त्यांच्या सर्वच इमारती आम्हांस आवडतात असे नाही. वळत गेलेल्या भिंतीशी कपाट कसे टेकवावे, हा प्रश्न आमच्या मध्यमवर्गीय मनात उभा राहतो. पण त्या इमारती उभ्या राहिल्या, पडल्या नाहीत, हे मान्य करणे भाग आहे.

आता पालकांच्या शंका. त्या आम्ही पुष्कळ वेळा ऐकल्या आहेत आणि त्यांस तुच्छ लेखण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. उन्हातान्हात परांचीवर चढावे लागते, हे मुलीच्या जातीस कसे झेपेल, असे एक विचारणे असते. ज्या परांचीवर बिगारी बाई डोक्यावर ओझे घेऊन चढते, तिच्यावर आपली कन्या हाती नकाशा घेऊन चढू शकणार नाही, हे आम्हांस पटत नाही. आक्षेप उन्हाचा नसून इभ्रतीचा आहे, असे स्पष्ट म्हटलेले बरे. मिस्त्री-गवंडी बाईमाणसाचे ऐकत नाहीत, अशी दुसरी शंका. सुरुवातीस ऐकत नसतील. पण ज्यास धंद्यातले कळते त्यास मिस्त्री लवकर ओळखतो, आणि ज्यास कळत नाही त्या पुरुषासही तो मनातून मान देत नाही. खर्चाची शंका खरी आहे. अभ्यासक्रम पाच वर्षांचा. कागद, रंग, प्रतिकृती यांस पैसे लागतात, आणि गिरणी बंद पडलेल्या घरातून ते काढणे सोपे नाही. येथे शिष्यवृत्त्यांची चौकशी वेळेवर करणे हे शाळेचेही कर्तव्य आहे, केवळ पालकांचे नव्हे.

सर्वांत बिकट शंका लग्नाची. मुली शिकतात, परीक्षा देतात. वास्तुविद्येच्या वर्गांत आज त्या पुष्कळ दिसतात. मग दहापंधरा वर्षांनी कचेऱ्यांच्या पाट्या वाचल्या म्हणजे त्या गेल्या कोठे असे वाटू लागते. काम रात्री उशिरापर्यंत चालते, घरी मूल लहान असते, सासरची माणसे कुरकुर करितात, आणि एके दिवशी ती पट्टी-पेन्सिल पेटीत जाते. पाच वर्षे शिकवून तयार केलेली बुद्धी अशी पेटीत ठेवणे हा कोणत्या घराण्याचा काटकसरीपणा, हे आम्हांस समजत नाही. मुलीस शिकविण्याइतकेच तिला पुढे काम करू देणे महत्त्वाचे आहे. आणि हे आम्ही मुलींस सांगत नसून आमच्या वर्गांतील मुलग्यांस सांगत आहो, कारण उद्या पती, भाऊ आणि सासरे तेच व्हावयाचे आहेत.

हे सर्व परळच्या शाळेच्या अंकात सांगण्याचे विशेष कारण आहे. आपला हा भाग पुन्हा आखला जात आहे. १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व आताच्या ना. म. जोशी मार्गावर ज्या बी.डी.डी. चाळी बांधल्या, त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. ज्यांनी त्या आखल्या त्यांस त्या खोलीत राहावयाचे नव्हते. एकाच खोलीत पाळीपाळीने निजणारे कामगार, त्यांस जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका, परीक्षेच्या दिवसांत गॅलरीतील दिव्याखाली बसून अभ्यास करणारी मुले, हे जीवन त्या नकाशात कोठेच नव्हते. माणसांनी ते मागाहून त्यात कसेबसे बसविले. आता या चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. वरळीस २०२५ साली पहिल्या काही कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आम्ही जुन्या चाळीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी नाही. रात्री-अपरात्री आईस उठवून, तिला सोबत घेऊन मजल्याच्या टोकास जावे लागणाऱ्या मुलीस चाळीच्या शेजारधर्माविषयी काव्य ऐकविणे क्रूरपणाचे आहे. घरात संडास आला, मोरी आली, निजण्यास वेगळी खोली आली, हे उत्तमच झाले.

परंतु गॅलरी गेली. गॅलरीत पापड वाळत, धान्य निवडले जाई, म्हातारी माणसे बसत, आणि कामावर गेलेल्या बाईच्या मुलाकडे चार शेजारणींचे लक्ष असे. बंद दारांच्या अरुंद बोळाने ही सर्व कामे कोठे करावयाची, याचे उत्तर तिसाव्या मजल्यावरील नकाशात शोधून सापडत नाही. हा प्रश्न वास्तुविद्येचा आहे, आणि तो सुटण्यासारखा आहे. नीरा आडारकर या वास्तुविशारद बाईंनी मीना मेनन यांच्यासह गिरणीकामगार स्त्रीपुरुषांच्या तोंडून गिरणगावचा शंभर वर्षांचा इतिहास लिहून घेतला. तो २००४ साली ग्रंथरूपाने निघाला. पुढे २०११ साली मुंबईच्या चाळींवरील ग्रंथ त्यांनी संपादित केला. घर आखणाऱ्याने आधी घरात राहणाऱ्याचे ऐकावे, हा मिनेट डी सिल्वाचा धडा आपल्या गल्लीत गिरविण्याचे काम त्यांनी केले आहे. चाळीत वाढलेल्या, चाळीचे गुणदोष अंगावर वागविलेल्या मुलींपैकी चारदोन जणी जरी हे काम शिकल्या, तरी त्यांस ऐकण्यासाठी बाहेर जावे लागणार नाही.

ज्या विद्यार्थिनींस ही वाट धरावयाची असेल, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, बारावीपर्यंत गणित व पदार्थविज्ञान सोडून चालत नाही. प्रवेशपरीक्षा निराळी असते. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे परिषदेकडे नोंदणी झाल्यावाचून वास्तुविशारद ही उपाधी लावता येत नाही. गणितास भिऊन दहावीनंतर ते सोडणाऱ्या मुलींनी हा विचार आठवीनववीतच करावा. चित्रकला चांगली असणे उपयोगी आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

दरम्यान एक काम मात्र कोणासही, आणि बिनखर्चात, करिता येईल. आपण राहतो ती खोली व तिच्यासमोरील गॅलरी फूटपट्टीने अथवा शिंप्याच्या टेपेने मोजून तिचा नकाशा काढावा. भिंतींची जाडी, दाराची रुंदी, पोटमाळ्याची उंची, खिडकी कोणत्या दिशेस, ऊन किती वाजता येते व किती वाजता जाते, पाण्याचे पिंप कोठे, देवाचा फोटो किंवा क्रूस कोठे, आजी कोठे निजते, हे सर्व त्यात दाखवावे. ज्या चाळी येत्या काही वर्षांत पाडल्या जातील त्यांचे नकाशे आधी व्हावेत. मुलग्यांनीही ते काढावे. मात्र मोजताना टेपेचे टोक धरण्याचे काम बहिणीकडे आणि आकडे लिहिण्याचे आपल्याकडे, अशी वाटणी करू नये. चित्रकलेच्या शिक्षकांकडे हे नकाशे दिवाळीच्या सुटीनंतर द्यावेत. पुढील वर्षीच्या अंकात त्यांसाठी चार पाने राखून ठेवावी, अशी विनंती आम्ही संपादकांस आजच करून ठेवीत आहो. आणि प्रत्येक नकाशाखाली काढणारीचे किंवा काढणाऱ्याचे पूर्ण नाव छापले जावे.